विश्लेषण : हृदय अशक्त, मग व्यायाम कसा? हार्ट फेल्युअरमध्ये चालण्याचीही ‘मात्रा’ का ठरवावी लागते?

हार्ट फेल्युअरचे निदान झाले, की घरचे पहिला नियम करतात : आता हलायचे नाही. काही दशकांपूर्वी डॉक्टरही हेच सांगत. आता मात्र प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाला औषधांबरोबर व्यायामही लिहून द्यावा, अशी शिफारस युरोप आणि अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटना करतात.

विश्रांतीने काय बिघडते?

नावामुळे गैरसमज होतो. या आजारात हृदय बंद पडत नाही. शरीराला हवे तेवढे रक्त पुरवण्याची त्याची क्षमता कमी होते. धाप लागते म्हणून रुग्ण बसून राहतो. बसून राहिल्याने मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू झिजतात, त्यांची प्राणवायू वापरण्याची ताकद घटते. मग बाथरूमपर्यंत जातानाही दम लागतो आणि रुग्ण आणखी बसतो. इको तपासणीत ‘इजेक्शन फ्रॅक्शन’ सारखेच आलेल्या दोघांपैकी एक जण दोन जिने चढतो, दुसऱ्याला अंगणही ओलांडवत नाही. याचे कारण अनेकदा हृदयाबाहेर, स्नायू आणि रक्तवाहिन्यांत असते. व्यायामाचा मोठा फायदा होतो तो तिथेच.

पुरावा किती भक्कम?

‘लॅन्सेट’मध्ये १९९० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास अवघ्या ११ रुग्णांचा होता. खरी कसोटी लागली ती २००९ मध्ये जाहीर झालेल्या ‘एचएफ-अ‍ॅक्शन’ चाचणीत. त्यात अमेरिका, कॅनडा आणि फ्रान्समधील २,३३१ रुग्ण होते. आधी ३६ सत्रे देखरेखीखाली, नंतर घरी व्यायाम. मृत्यू किंवा रुग्णालयात दाखल होण्याचे एकत्रित प्रमाण व्यायाम करणाऱ्यांत ६५ टक्के, तर फक्त नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ६८ टक्के निघाले. हा फरक संख्याशास्त्राच्या निकषावर टिकला नाही. आजाराची तीव्रता हिशेबात धरल्यावर थोडा लाभ दिसला. तेव्हा व्यायामाने आयुष्य हमखास वाढते, असे यावरून म्हणता येत नाही. पण व्यायाम सुरक्षित ठरला, रुग्णांचे रोजचे जगणे काहीसे सुसह्य झाले. ठरवून दिलेली मिनिटे पूर्ण करणारे मात्र कमीच होते. गोळी घेणे सोपे, रोज चालणे अवघड!

मात्रा कशी ठरते?

‘रोज थोडे चालत जा’ हे प्रिस्क्रिप्शन नव्हे. आठवड्यात किती दिवस, किती मिनिटे, किती जोराने, हे लिहावे लागते. त्याआधी सहा मिनिटांत सपाट जागेवर किती मीटर चालता येते, हे पाहतात किंवा ट्रेडमिलवर चाचणी घेतात. फार अशक्त रुग्णाला सुरुवातीला पाच-दहा मिनिटेच पुरतात. आधी वेळ वाढवायची, वेग नंतर. आठवड्यातून तीन ते पाच दिवस, प्रत्येकी सुमारे ३० मिनिटे, हा सर्वसाधारण पल्ला.

जोर मोजताना केवळ नाडीवर विसंबता येत नाही, कारण बहुतेक रुग्ण बीटा ब्लॉकर घेत असतात आणि हे औषध नाडी फार वाढू देत नाही. म्हणून स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० आकड्यांची मोजपट्टी वापरतात. किती श्रम झाल्यासारखे वाटतात, ते रुग्णानेच सांगायचे. उत्तर साधारण ११ ते १४ असावे. घरच्या घरी सोपी खूण : चालताना बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. जोडीला खुर्चीवरून उठबस किंवा हलकी वजने, मात्र श्वास रोखून नव्हे.

कधी थांबायचे?

दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढले, बसल्या जागी धाप लागली, छातीत दुखले, चक्कर किंवा ताप आला, तर व्यायाम बंद करून डॉक्टरांना गाठावे. हृदयाची महाधमनीकडील झडप खूप अरुंद झालेल्यांनी परस्पर सुरुवात करू नये. छातीत डिफिब्रिलेटर बसवलेल्यांनी यंत्र किती ठोक्यांना शॉक देते, हे आधी विचारून घ्यावे. व्यायामातील नाडी त्याच्या किमान दहा ठोके खाली ठेवतात.