जुन्या मोटारीची समोरची काच

कोणत्या मोटारीला विंटेज म्हणावे, याचे उत्तर भारतात आता कायद्यानेच दिलेले आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये जुलै 2021 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि व्यावसायिक वापरात नसलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांची विंटेज म्हणून वेगळी नोंद होते. त्यांच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात आणि नव्या नोंदणीसाठी 20,000, तर फेरनोंदणीसाठी 5,000 रुपये शुल्क आकारले जाते. या व्याख्येने विंटेज मोटारींवरची राजेरजवाड्यांची मक्तेदारी संपवली आहे. कोल्हापूरच्या शाही दसऱ्यात लोक कौतुकाने पाहतात ती मेबॅक जशी विंटेज, तशीच मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात जुळवलेली, लोकांनी ‘डुक्कर फियाट’ असे नाव दिलेली गोलमटोल फियाट 1100 हीदेखील विंटेज ठरते. 1964 ची फियाट डिलाइट त्याच पंगतीत बसते आणि 1974 पासून निघालेल्या प्रीमियर पद्मिनींपैकी अगदी सुरुवातीच्या गाड्याही आता पन्नाशी ओलांडून तिथे येऊ लागल्या आहेत. वाशीम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यातील आसेगावसारख्या गावात जुनी मोटार निघालीच, तर ती बहुधा याच कुळातली, म्हणजे एखादी फियाट किंवा महिंद्रांनी विलीजच्या आराखड्यावरून मुंबईत जुळवलेली जीप असणार.

अशा गाडीचे इंजिन तालुक्याच्या गावातला जाणता मिस्त्री उघडतो, पत्र्याचे काम डेंटर सांभाळतो आणि वायरिंग तर नव्याने ओढता येते. समोरची काच मात्र गावात घडवता येत नाही, ठोकून सरळ करता येत नाही आणि फुटली की गाडी जागची हलत नाही. महाराष्ट्राला काचेच्या धंद्याची परंपरा नाही असे नव्हे. लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने उभा राहिलेला तळेगावचा पैसाफंड काच कारखाना 1908 चा, आणि ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाने तर घरोघरी उजेड दिला. पण मोटारीची काच ही कंदिलाच्या चिमणीपेक्षा वेगळ्या शास्त्राची वस्तू आहे आणि ते शास्त्र समजल्याशिवाय ती बदलण्याचा निर्णय नीट घेता येत नाही.

सुरुवातीच्या मोटारींना खिडकीचीच साधी काच असे आणि धडकेत तिचे सुऱ्यासारखे तुकडे होत. 1903 मध्ये फ्रेंच रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेदिक्तुस यांच्या हातून प्रयोगशाळेतली एक कुपी खाली पडली, तडकली, पण विखुरली नाही, कारण तिच्या आत सुकलेल्या नायट्रोसेल्युलोजचा पापुद्रा तयार झाला होता. या निरीक्षणातून दोन काचांमध्ये पारदर्शक थर चिकटवण्याची कल्पना निघाली आणि 1909 मध्ये तिचे पेटंट घेतले गेले. हीच लॅमिनेटेड काच. मधला सेल्युलॉइडचा थर उन्हाने पिवळा पडत असे, त्यामुळे 1920 च्या दशकातील गाड्यांच्या मूळ काचा आज चहाच्या रंगाच्या दिसतात. 1930 च्या दशकाच्या अखेरीस पॉलिव्हिनिल ब्युटिरल, म्हणजेच पीव्हीबी, या लवचीक प्लास्टिकचा थर आला आणि तो दोष बराच आटोक्यात आला. आजही साधारण 0.76 मिलिमीटर जाडीचा हाच थर वापरतात.

दुसरा प्रकार टफन्ड काचेचा. काच सहाशे अंश सेल्सिअसच्या वर तापवून तिच्यावर हवेचे झोत सोडले की पृष्ठभाग आधी गोठतो, गाभा मागाहून आकसतो, आणि त्यामुळे पृष्ठभाग कायमचा दाबाखाली व गाभा ताणाखाली राहतो. या ओढाताणीमुळे काच कित्येक पट बळकट होते, परंतु कुठेही हा समतोल बिघडला, की ती संपूर्ण काच एका क्षणात बारीक दाण्यांमध्ये कोसळते, किंवा चौकटीत अडकून राहिलीच तर दुधासारखी पांढरी होऊन चालकाला पुढचे काही दिसत नाही. जुन्या काळी अनेक गाड्यांना समोर हीच काच बसवलेली असे. टफन्ड काच एकदा तयार झाली, की तिला कापता, घासून लहान करता किंवा भोक पाडता येत नाही. खडा लागून पडलेला टवका रेझिन भरून बुजवण्याची सोयही केवळ लॅमिनेटेड काचेसाठी आहे.

जीपच्या मालकाचे काम यामानाने सोपे, कारण तिची समोरची काच सपाट असते. लॅमिनेटेडचा सपाट पत्रा काचवाल्याकडे मिळतो. काचवाला दोन्ही बाजूंनी हिऱ्याने रेघ मारतो, दोन्ही काचा रेघेवर तडकवतो, मग फटीत किंचित स्पिरिट सोडून पेटवतो आणि मऊ झालेला मधला थर पात्याने कापतो. फियाटची काच वक्र आहे. वक्र काच करायची तर दोन काचा, त्या परस्परांना चिकटू नयेत म्हणून मध्ये भुकटी टाकून, लोखंडी साच्यावर एकत्रच भट्टीत ठेवाव्या लागतात, म्हणजे स्वतःच्या वजनाने त्या एकसारख्या वाकतात. नंतर पीव्हीबी घालून ऑटोक्लेव्ह नावाच्या बंद पात्रात सुमारे 140 अंशांवर आणि मोठ्या दाबाखाली त्या एकजीव करतात. यात मुख्य खर्च साच्याचा आहे आणि तो पुरेसे गिऱ्हाईक असेल तरच निघतो. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे पद्मिनीच्या काचांना आणि रबरांना अनेक वर्षे गिऱ्हाईक टिकून राहिले. शेवटची पद्मिनी टॅक्सी 30 ऑक्टोबर 2023 रोजी रस्त्यावरून गेली, तेव्हा त्या बाजाराचा मुख्य आधारही गेला.

काच बसवण्याचे कौशल्य मात्र काचेत फारसे नसून रबरात आणि पत्र्यात आहे. आजच्या मोटारीची काच युरेथेन गोंदाने पत्र्याला चिकटलेली असते आणि सांगाड्याच्या मजबुतीत तिचाही वाटा असतो. जुन्या गाडीत ती रबराच्या चौकटीत बसते, या रबराला दोन खाचा असतात, एकीत काच आणि दुसरीत बॉडीच्या चौकटीचा पत्र्याचा काठ. जुने रबर वाळून कडक झालेले असल्यामुळे ते वाचवण्याच्या नादात शाबूत काच फुटते. त्याचा ओठ पात्याने कापून टाकावा आणि मगच आतून दोघांनी सारख्या दाबाने काच बाहेर ढकलावी. रबराखाली वर्षानुवर्षे पाणी साचून तिथला पत्रा बहुतेकदा गंजलेला सापडतो. वेल्डिंग करायचे ते याच वेळी, नवी काच आणण्यापूर्वी, कारण वेल्डिंगच्या ठिणग्या काचेवर कायमचे बारीक खड्डे पाडतात. दुरुस्त केलेला काठ वाकडा राहिला, तर काच एका कोपऱ्यात ताणाखाली बसते आणि विदर्भाच्या मे महिन्यात, तापलेल्या काचेवर कुणी बादलीभर गार पाणी टाकताच, तिथूनच चिरते; दोष मग काचेच्या माथी मारला जातो.

बसवताना आधी काचेवर रबर चढवतात, बाहेरच्या खाचेत मजबूत दोरी फिरवून तिची दोन्ही टोके खालच्या मध्यभागी एकमेकांवरून घेऊन आत सोडतात आणि काठाला साबणाचे पाणी लावतात. तेल किंवा ग्रीस रबर खाते, म्हणून ते वर्ज्य. एकाने बाहेरून तळहाताने दाबायचे आणि दुसऱ्याने आतून दोरी सावकाश ओढायची, म्हणजे रबराचा ओठ पत्र्याच्या काठावरून उडी घेत आत बसतो. शेवटी चकचकीत बीडिंग आणि न सुकणारे सीलंट. व्हिनेगरसारखा वास येणारे साधे सिलिकॉन भरण्याची घाई अनेक जण करतात, पण त्यातून सुटणारे आम्ल पत्रा गंजवते.

मूळपणाचा प्रश्न उरतो. मूळ काचेवरची कारखान्याची मोहर संग्राहकांना प्रिय असते आणि ती गेली की गाडीची किंमत उतरते, असा त्यांचा युक्तिवाद असतो. हा आग्रह प्रदर्शनात उभ्या असलेल्या गाडीपुरता ठीक आहे. ज्या गाडीत माणसे बसून रस्त्यावर जाणार, तिथे आकार, रंगछटा आणि बीडिंग मूळचे ठेवावे, काच मात्र लॅमिनेटेडच घ्यावी. विंटेज नोंदणीचा नियम सांगाडा, बॉडी आणि इंजिनातील मोठ्या बदलांचे नाव घेतो, काचेचे घेत नाही. उलट मोटार वाहन नियमांतील नियम 100 समोरच्या काचेतून किमान 70 टक्के प्रकाश आरपार जावा असे सांगतो, आणि पिवळी पडलेली जुनी काच त्या कसोटीला उतरेलच असे नाही.

लॅमिनेटेड काच फुटली तरी आकार धरून राहते आणि तिच्यावरून नवा साचा बेतता येतो. टफन्ड काच फुटल्यावर मोजायलाही काही उरत नाही. ज्यांच्या अंगणात पद्मिनी किंवा डिलाइट मूळ काचेसह उभी आहे, त्यांनी काच शाबूत असतानाच तिची बाह्यरेषा प्लायवूडवर उतरवून घ्यावी आणि वक्रतेसाठी मध्यभागी व दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याचे छेद कापून, त्यांवर गाडीचे मॉडेल व साल लिहून, घरात जपून ठेवावेत.