दुभाजकातली कण्हेर

मे महिन्यात मराठवाड्यातल्या चौपदरी महामार्गाने जाताना दोन्ही अंगांची शिवारं करपलेली दिसतात आणि मधल्या दुभाजकात गुलाबी-पांढरी कण्हेर लगडलेली असते. तिथे ती लावण्यामागे शोभेइतकाच हिशोबही आहे. बुंध्यापासून दाट फुटत असल्यामुळे समोरच्या गाडीच्या दिव्यांचा झोत अडतो. टँकर चुकला तरी ती तगते. शिवाय मोकाट गुरं-शेळ्या तिला सहसा तोंड लावत नाहीत.

तगण्याचं एक कारण पानात आहे. महाविद्यालयात ज्यांनी कण्हेरीच्या पानाचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असेल, त्यांना पानाच्या खालच्या बाजूचे केसाळ खळगे आठवतील. पर्णरंध्रं त्या खळग्यांत दडलेली असतात, म्हणून कोरडा वारा थेट लागत नाही आणि बाष्प सावकाश जातं. भूमध्य सागरापासून भारतापर्यंत पसरलेल्या तिच्या मूळ प्रदेशात ती नदी-ओढ्यांच्या खडकाळ पात्रात वाढते. तिथे कधी पूर असतो, कधी नुसती तापलेली वाळू. दोन्ही सोसायची सवय तिला तिथूनच आहे.

उजाड झालेल्या शहरांनीही तिला जवळ केलं. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन बेटाची १९०० च्या चक्रीवादळात वाताहत झाली. पुढे गाळ-वाळूचा भराव घालून शहराची जमीन उंच करण्यात आली. खारेपणा सोसणारी कण्हेर तिथल्या स्त्रियांच्या संघटनेने रस्तोरस्ती लावली. अणुबाँबनंतर हिरोशिमात लवकर फुललेल्या झाडांत तिचं नाव घेतलं जातं. १९७३ मध्ये ती त्या शहराचं अधिकृत फूल झाली.

मात्र गुरं जिला टाळतात, ती माणसालाही घातकच असणार. पान, फूल, साल, मूळ, चीक यांत ओलिअँड्रिनसारखी द्रव्यं असतात. ती हृदयाच्या पेशींतली सोडियम-पोटॅशियमची देवघेव रोखतात आणि ठोके बिघडवतात. आयुर्वेदाने कण्हेर, म्हणजे करवीर, उपविषांत गणली ती उगीच नव्हे. केरळात एका तरुणीचा मृत्यू कण्हेरीचं पान चघळल्याने झाल्याचा संशय आला, तेव्हा मे २०२४ मध्ये त्रावणकोर आणि मलबार देवस्वम मंडळांनी नैवेद्य-प्रसादात तिची फुलं वापरणं थांबवलं.

लागवड सोपी आहे. पावसाळ्याच्या तोंडावर पेन्सिलीएवढ्या जाड फांदीचे वीतभर फाटे घ्यावेत, खालची पानं काढावीत आणि ते रेताड ओल्या मातीत खोचावेत. पाण्याच्या बाटलीतही त्यांना मुळं फुटतात. जागा भरपूर उन्हाची हवी, सावलीत फूल रोडावतं. पहिलं वर्ष नियमित पाणी द्यावं, पुढे झाड आपलं आपण पाहतं. नत्र जास्त झालं तर नुसता पाला माजतो आणि कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा बसतो. तो पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतला जातो. फुलं नव्या फुटीच्या टोकाला येतात, म्हणून बहर ओसरला की एक तृतीयांश उंची छाटावी. पानांवर एखादी अळी दिसली तर लगेच औषध मारू नये. ती हबशी फुलपाखराची असू शकते.

चिवटपणावर फार विसंबण्यातही धोका आहे. कॅलिफोर्नियाच्या महामार्गांवर मैलोन्‌मैल कण्हेरच लावली होती. १९९० च्या दशकात झायलेला नावाचा जिवाणू रस शोषणाऱ्या तुडतुड्यांबरोबर पसरला आणि झुडपं करपू लागली. त्यावर इलाज नाही. आपल्या दुभाजकांतही कण्हेरीच्या जोडीला बोगनवेल, तगर, कोरांटी हवी.

छाटणी झाली की काम संपलं असं मानणं ही खरी चूक. वाळलेल्या पानांतही विष टिकतं, आणि हिरवा पाला टाळणारं जनावर चाऱ्यात मिसळलेला सुका पाला खाऊन जातं. महामार्गाच्या कडेने धनगरांचे कळप चालतात. तिथेच छाटलेल्या फांद्यांचे ढीग पडले, तर ज्या गुणासाठी कण्हेर निवडली तोच गुण मेंढरांच्या जिवावर उठेल. त्या जाळणंही धोक्याचं, कारण धूर बाधतो. हातमोजे घालून फांद्या त्याच दिवशी उचलाव्यात आणि खोल खड्ड्यात पुराव्यात. छाटणीच्या कंत्राटातच ही अट घालायला हवी. कण्हेरीला पाणी घालणारा एक वेळ नसला तरी चालेल, पण तिच्यामागून झाडलोट करणारा हवाच.