‘क्वांटम’ म्हणजे मंत्र नव्हे : लेझरच्या प्रकाशाने अणू कसे थोपवले जातात?

‘क्वांटम’ हा शब्द आता मोबाईलवर रोज दिसतो. क्वांटम हीलिंगची शिबिरे, क्वांटम ऊर्जेची लॉकेटे, क्वांटम पाणी. त्याच रांगेत आणखी एक संदेश आपल्या धम्म गटांमध्ये फिरत असतो : ‘क्वांटम विज्ञानाने बुद्धांचे म्हणणे सिद्ध केले.’ लॉकेटला आपण हसतो आणि हा दुसरा संदेश मात्र अभिमानाने पुढे पाठवतो. आमच्या मते दोन्ही दावे सारख्याच कसोटीवर तपासायला हवेत. त्यासाठी क्वांटम विज्ञान प्रयोगशाळेत प्रत्यक्ष कसे चालते, हे एकदा समजून घेतले पाहिजे. म्हणून या लेखात आम्ही एकच उदाहरण घेतले आहे : लेझरच्या प्रकाशाने वायूतील अणू थंड करणे आणि त्यांना हवे तसे वागायला लावणे.

थंडी म्हणजे नेमके काय?

वायूचे तापमान म्हणजे त्यातील कणांच्या धावपळीचे माप. धावपळ जास्त तितका वायू गरम, कमी तितका थंड. रुबिडियम नावाच्या धातूची वाफ घेतली, तर खोलीच्या तापमानाला तिचे अणू सेकंदाला सुमारे ३०० मीटर वेगाने धावतात. थंडीची शेवटची सीमा उणे २७३.१५ अंश सेल्सिअस आहे. तिला निरपेक्ष शून्य म्हणतात. तिथपर्यंत पोहोचता येत नाही, पण तिच्या अगदी जवळ जाता येते. आज प्रयोगशाळांमध्ये निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या एक कोटीव्या भागाइतके तापमान मिळवले जाते. तिथे हेच रुबिडियमचे अणू सेकंदाला जेमतेम काही मिलिमीटर सरकतात, म्हणजे मुंगीपेक्षाही हळू. तारे आणि आकाशगंगा यांच्यामधल्या अवकाशाचे तापमानही निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे २.७ अंश आहे. या वायूच्या तुलनेत ते प्रचंड गरम म्हणावे लागेल.

प्रकाशाने तापते, मग थंड कसे होते?

लेझरने लोखंड कापतात, मग तोच लेझर थंड कसे करेल? उत्तर प्रकाशाच्या धक्क्यात आहे. प्रकाशाचा प्रत्येक कण, म्हणजे फोटॉन, अणूवर आदळला की त्याला हलकासा धक्का देतो. रुबिडियमच्या बाबतीत एका धक्क्याने वेगात सेकंदाला सुमारे ६ मिलिमीटरचा फरक पडतो. ३०० मीटरचा वेग उतरवायचा तर असे साधारण ५० हजार धक्के समोरून बसले पाहिजेत. लेझरच्या प्रकाशात हे काम काही हजारांश सेकंदांत होऊ शकते.

पण धक्का समोरूनच बसेल, मागून बसून वेग वाढणार नाही, हे कसे साधायचे? रेल्वे फाटकाजवळ उभे असताना जवळ येणाऱ्या गाडीचा भोंगा चढ्या स्वरात ऐकू येतो आणि गाडी पुढे गेली की स्वर उतरतो, हे आपण अनुभवलेले असते. प्रकाशाचेही तसेच आहे. प्रत्येक अणू ठरावीक वारंवारतेचाच प्रकाश शोषतो. शास्त्रज्ञ लेझरची वारंवारता त्यापेक्षा किंचित कमी ठेवतात. लेझरच्या दिशेने धावणाऱ्या अणूला ती चढलेली भासते, अगदी त्याला लागते तितकी. तो फोटॉन शोषतो आणि समोरून धक्का खातो. लेझरपासून दूर जाणाऱ्या अणूला मात्र तोच प्रकाश फारसा लागू पडत नाही. शोषलेला प्रकाश अणू पुन्हा बाहेर टाकतो, पण कोणत्याही दिशेला, त्यामुळे ते धक्के एकमेकांना खाऊन टाकतात. वर-खाली, डावीकडे-उजवीकडे आणि पुढे-मागे असे सहा किरण सोडले, की अणू कुठेही पळाला तरी प्रकाश त्याला अडवतो.

१९८५ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीव्हन चू आणि सहकाऱ्यांनी सोडियमच्या अणूंवर हे करून दाखवले. प्रकाशात अणू चिकट द्रवात अडकल्यासारखे रेंगाळत होते, म्हणून त्यांनी या अवस्थेला काकवीचे नाव दिले : प्रकाशाची काकवी. चू, क्लोद कोहेन-तानुजी आणि विल्यम फिलिप्स यांना या क्षेत्रातील कामासाठी १९९७ चे नोबेल मिळाले.

बोस यांचा लेख आणि ७१ वर्षांची वाट

या कथेचे एक टोक आपल्या उपखंडात आहे. १९२४ मध्ये ढाका विद्यापीठात शिकवणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशकणांची मोजणी नव्या पद्धतीने करणारा लेख आइन्स्टाइन यांना पाठवला. आइन्स्टाइन यांनी तो स्वतः जर्मनमध्ये भाषांतरित करून प्रसिद्ध करवला. मग तीच मोजणी त्यांनी अणूंना लावली. निष्कर्ष अजब होता : वायू पुरेसा थंड झाला, की त्यातील असंख्य अणू एकाच अवस्थेत जाऊन बसतील आणि एकच तरंग असल्यासारखे वागतील.

हे कागदावर १९२५ पर्यंत मांडून झाले होते. प्रत्यक्ष वायूत दिसायला ५ जून १९९५ उजाडला. अमेरिकेतील बोल्डर येथे एरिक कॉर्नेल आणि कार्ल वीमन यांनी रुबिडियमचे अणू आधी लेझरने थंड केले आणि मग सर्वांत गरम अणू बाहेर पडू दिले. बशीत ओतलेला चहा वाफ निघून जाते तसा निवतो, तशीच ही रीत. अखेर सुमारे दोन हजार अणूंचा एकजीव ढग मिळाला. काही महिन्यांत वोल्फगांग केटर्ले यांनी सोडियममध्ये तो मिळवला. २००१ चे नोबेल या तिघांना मिळाले. आज जगभरच्या अनेक प्रयोगशाळांमध्ये असे ढग तयार होतात. या अवस्थेचे नाव आहे बोस-आइन्स्टाइन संघनन.

प्रकाशाचा साचा

अणू थंड झाल्यावर खरी कारागिरी सुरू होते. इथे लेझर वेगळ्या कामासाठी वापरतात. त्याची वारंवारता अणूच्या वारंवारतेपासून बरीच दूर ठेवली, तर अणू प्रकाश जवळजवळ शोषत नाही, पण ओढला किंवा ढकलला जातो. वारंवारता कमी असेल तर अणू उजेडाकडे जातो, जास्त असेल तर अंधाराकडे. म्हणजे उजेड-अंधाराची जशी नक्षी काढाल, तसे अणूंसाठी चढ-उतार तयार होतात. ज्या भांड्यात हा वायू ठेवलेला असतो, त्याच्या भिंती प्रकाशाच्या असतात.

समोरासमोर दोन लेझर सोडले, की त्यांच्या तरंगांतून उजेड-अंधाराचे समान पट्टे पडतात. तिन्ही दिशांनी हेच केले, की आप्पेपात्रासारखे पण थरावर थर असलेले प्रकाशाचे खळगे तयार होतात. दोन खळग्यांमधले अंतर मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाइतके असते. आपल्या एका केसाच्या जाडीत असे शंभराहून अधिक खळगे बसतील.

याहून गुंतागुंतीच्या नक्षीसाठी प्रोजेक्टरमध्ये असते तशी चिप वापरतात. तिच्यावर लाखो सूक्ष्म आरसे असतात आणि प्रत्येक आरसा सेकंदाला हजारो वेळा कलवता येतो. त्यातून हवा तो आकार अणूंवर पाडता येतो : चौकोन, कडे, भिंत, वाट. २०१३ मध्ये केंब्रिजमध्ये प्रकाशाच्या भिंतींची जणू पेटी करून त्यात असा वायू ठेवण्यात आला. अमेरिकेत कड्याच्या आकाराच्या सापळ्यात वायू फिरवला, तेव्हा तो घर्षणाशिवाय कित्येक सेकंद फिरत राहिला.

सर्वांत गाजलेला प्रयोग २००२ मध्ये म्युनिकमध्ये झाला. खळगे उथळ असताना अणू सगळ्या खळग्यांमध्ये पसरून एकच तरंग बनून राहिले. प्रकाश वाढवून खळगे खोल केले, तेव्हा प्रत्येक खळग्यात ठरावीक संख्येने अणू अडकले आणि एकत्र तरंग हरवला. प्रकाश पुन्हा कमी केला, तर तरंग परतला. जे घडले ते मागे नेता आले आणि पुन्हा घडवता आले, हे या प्रयोगाचे बळ.

याचा उपयोग काय?

काही धातू आणि संयुगे थंड केल्यावर त्यांच्यातून वीज कोणत्याही अडथळ्याशिवाय वाहते. त्यांपैकी काहींमध्ये हे का घडते याचे गणित इतके अवघड आहे, की मोठे संगणकही थकतात. खळग्यांमधल्या अणूंना इलेक्ट्रॉनसारखे वागायला लावून तेच कोडे प्रयोगात मांडता येते. याच पद्धतीने अडकवलेल्या स्ट्रॉन्शियमच्या अणूंवर चालणारी घड्याळे इतकी अचूक आहेत, की विश्वाच्या सुमारे १,३८० कोटी वर्षांच्या वयातही त्यांची चूक एका सेकंदाच्या आसपास राहील. प्रकाशाच्या चिमट्याने एकेक अणू उचलून त्यांचा संगणक बांधण्याचे काम तर आता कंपन्यांपर्यंत पोहोचले आहे.

भारताने २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. त्यासाठी ६,००३.६५ कोटी रुपयांची तरतूद आहे. संवेदक आणि अचूक मापनाचे केंद्र आयआयटी मुंबईत आहे. मुंबईची टीआयएफआर आणि पुण्याची आयसर येथेही अतिशीत अणूंवर संशोधन होते.

बुद्धांना क्वांटमचे प्रमाणपत्र कशाला?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. क्वांटमचे नियम सगळीकडे लागू आहेत, आपल्या मोबाईलच्या चिपमध्येही. पण गळ्यातल्या लॉकेटमधून ‘क्वांटम ऊर्जा’ वाहते म्हणणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत. नेमके काय आणि किती मोजले? दुसऱ्या कोणी ते पुन्हा करून पाहिले का? आणि काय दिसले तर तुम्ही दावा मागे घ्याल? वर सांगितलेल्या प्रत्येक प्रयोगाकडे या तिन्हींची उत्तरे आहेत. लॉकेटवाल्याकडे एकाचेही नसते.

हेच प्रश्न आपल्या आवडत्या संदेशालाही विचारले पाहिजेत. प्रतीत्यसमुत्पाद दुःखाची कारणपरंपरा सांगतो. रुबिडियमच्या अणूंनी ते सिद्ध होत नाही आणि खोटेही ठरत नाही. उद्या भौतिकशास्त्राचा एखादा सिद्धांत बदलला, तर धम्म डळमळणार आहे का? धम्माची कसोटी माणसाच्या जगण्यात आहे : दुःख कमी झाले का, माणसामाणसांतले नाते समतेचे झाले का.

विज्ञान आणि धम्म यांच्यात खरे साम्य वृत्तीचे आहे. ‘एहिपस्सिको’, या आणि पाहा. कालाम सुत्तातही परंपरा, ग्रंथ किंवा गुरूचा मोठेपणा एवढ्यावर काही स्वीकारू नका, असाच उपदेश आहे. आइन्स्टाइन यांचे नाव जोडले गेले तरी अणूंचे ते भाकीत प्रयोगात दिसेपर्यंत विज्ञान ७० वर्षे थांबले. संविधानाच्या कलम ५१क (ज) ने वैज्ञानिक दृष्टिकोन हे आपले कर्तव्य ठरवले आहे. संदेश पुढे पाठवण्याआधी तपासणे, हा त्या कर्तव्याचाच भाग.

प्रयोगशाळेत आपली मुले असावीत

आपल्या वस्त्यांमधली हुशार मुले डॉक्टर, अभियंता किंवा स्पर्धा परीक्षा याच वाटांनी जातात. घरात लवकर पगार यायला हवा असतो, त्यामुळे ते समजण्यासारखे आहे. पण सार्वजनिक पैशातून उभ्या राहणाऱ्या या प्रयोगशाळांमध्ये आपली मुले दिसली पाहिजेत. बारावीनंतर आयसरची प्रवेश परीक्षा आणि बीएस्सीनंतर आयआयटीची ‘जॅम’ परीक्षा ही दोन दारे आहेत. या केंद्रीय संस्थांमध्ये अनुसूचित जातींना १५ टक्के आरक्षण आहे आणि १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही ते मिळते. मात्र जात प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागते, आणि ते अर्जाच्या तारखेआधी हातात असले पाहिजे. कार्यकर्त्यांनी या कामात मुलांना मदत करावी.

सत्येंद्रनाथ बोस यांनी १९४८ मध्ये बंगालीतून विज्ञान पोहोचवण्यासाठी बंगीय विज्ञान परिषद स्थापन केली. विज्ञान मातृभाषेत सांगता येते, यावर त्यांचा विश्वास होता. आपल्या विहारांच्या अभ्यासवर्गात महिन्यातून एक तास विज्ञानाला द्या. मुलांना ‘क्वांटम’ हा शब्द लॉकेट विकणाऱ्याकडून कळण्याआधी आपल्याकडून कळू द्या.

जय भीम! नमो बुद्धाय!