पाळण्यातला मृत्यू, सातपुड्यातला

हिवाळ्यात सातपुड्यातल्या अक्कलकुवा तालुक्यात, डाब गावी, गवतावरचं दव गोठतं. अशा एखाद्या रात्री दूध पिऊन आईच्या कुशीत झोपलेलं दोन महिन्यांचं बाळ सकाळी उठतच नाही. ताप नव्हता, रडलंही नव्हतं.

वैद्यकात याला ‘सडन इन्फंट डेथ सिंड्रोम’ म्हणतात, पण हे नाव सहज देता येत नाही. शवविच्छेदन झालं, झोपायची जागा पाहिली, आजारपणं विचारली, तरीही काही हाती लागलं नाही, तरच. धोका सर्वाधिक दोन ते चार महिन्यांच्या वयात. बाळाला पालथं न घालता उताणं झोपवा, असं सांगणारी देशव्यापी मोहीम अमेरिकेने 1994मध्ये सुरू केली आणि हे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

पण सातपुड्यातल्याच धडगावच्या पाड्यावर शवविच्छेदन करणार कोण? तिथे हे निदान लावणं म्हणजे चौकशीआधीच फाइल बंद करणं. चौकशी केली तर कारणं सापडतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 39 गावांत घरोघरी नवजात बाळांच्या काळजीची सोय उभी केली. नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी घटला. हा अभ्यास 1999मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. बाळं जात होती ती जंतुसंसर्ग, कमी वजन, गुदमरणं यांनी. कारणं होती, विचारणारं कुणी नव्हतं.

आणि कारण मिळालं नाही, की सातपुड्यात कधीकधी ते माणसात शोधलं जातं. एखाद्या बाईला डाकीण ठरवलं जातं. 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यानंतरही हे थांबलेलं नाही.

खरं कारण वेळीच हेरू शकतात त्या नवजात बाळाला घरी जाऊन तपासणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या, आशाताई. त्यांच्या पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर आणि घड्याळ असतं. मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त श्वास मोजले गेले, की दवाखाना गाठायचा. पण त्यांच्या नेमाच्या भेटी 42व्या दिवशी संपतात. पुढच्या थेट तिसऱ्या महिन्यात सुरू होतात. धोक्याचं वय नेमकं या फटीत सुरू होतं! दहाव्या आठवड्याच्या लसीला आई बाळाला घेऊन येतेच. तेव्हा नर्सबाईंनी एवढं विचारावं: बाळ उताणं झोपतं का, तोंडावर गोधडी येते का, घरात विडीचा धूर असतो का?