तंजावरच्या किल्ल्यातील गुरुस्मारक

व्यासपौर्णिमा आली की कीर्तनाच्या उत्तररंगात गुरुभक्तीची आख्याने ओघानेच येतात. धौम्य आणि आरुणी, सांदीपनी आणि श्रीकृष्ण, ही आमच्या कळंबच्या श्रोत्यांना तोंडपाठ आहेत. आज आम्ही वाचकांना ज्या गुरुस्मारकाकडे नेणार आहोत, ते मात्र ना मठात आहे ना मंदिरात. ते आहे तंजावरच्या एका जुन्या ख्रिस्ती प्रार्थनामंदिरात. पुण्यपर्वाच्या पानावर चर्चची कथा कशाला, असे कोणी म्हणेल. त्याने आधी कथा ऐकावी.

आम्हां कीर्तनकारांना तंजावर परके नाही. समर्थांचे शिष्य तेथे मठ करून राहिले. रामचंद्रबुवा मोरगावकरांसारख्यांनी तेथे मराठी कीर्तन गाजविले. आणि तमिळ हरिकथेत साकी-दिंडी आजही ऐकू येतात. व्यंकोजीराजांपासून तेथे भोसल्यांचे राज्य. त्यांच्यातील एका राजाचे नावच तुळजाजी. आमच्या जिल्ह्यातील आई भवानीचे नाव घेऊन तो कावेरीकाठी राज्य करीत होता!

याच प्रदेशात, समुद्रकिनारी तरंगंबाडी हे गाव. नायक राजाने 1620 साली ते डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांना दिले आणि 1706 मध्ये तेथे झीगेनबाल्ग हा जर्मन धर्मोपदेशक उतरला. तो ल्यूथरपंथी. मार्टिन ल्यूथरने बायबल लॅटिनच्या कुलुपातून काढून लोकांच्या जर्मन भाषेत आणले. त्याच सोळाव्या शतकात नाथमहाराजांनी भागवत मराठीत सांगितले. झीगेनबाल्गनेही तमिळ शिकून ख्रिस्ती ग्रंथ तमिळमध्ये छापविला. 1718 साली उभारलेले त्याचे 'न्यू जेरुसलेम' चर्च आजही उभे आहे. गर्भगृह, अंतराळ, सभामंडप अशी आपल्या देवालयांची रचना एका रेषेत आत आत जाते. येथे क्रूसाच्या चार भुजा मध्यभागी एकत्र येतात. दर्शनी भिंतीवर डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याची मुकुटांकित नाममुद्रा आहे आणि पुढच्याच वर्षी निवर्तलेला झीगेनबाल्ग आतच विसावला आहे.

याच परंपरेतला ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्झ 1750 साली तरंगंबाडीस आला आणि पुढे तंजावरात स्थिरावला. तुळजाजीराजांशी बोलता यावे म्हणून तो मराठी शिकला. हैदरअलीच्या स्वारीत मुलूख उजाड झाला तेव्हा त्याने धान्य जमवून भुकेल्यांना जेवू घातले. राजांनी ख्रिस्ती व्हावे ही इच्छा त्याने लपविली नाही. राजांनी आपला धर्म सोडला नाही. आणि तरीही स्नेह तुटला नाही. 1779 साली शिवगंगा किल्ल्यात त्याचे चर्च उभे राहिले. राजराज चोळाने सुमारे 1010 साली पूर्ण केलेले बृहदीश्वराचे महामंदिरही त्याच किल्ल्यात आहे. त्या विमानाशेजारी हे चर्च अगदीच ठेंगणे.

1787 साली, मृत्यू समीप आला असता, तुळजाजींनी दहा वर्षांचा सरफोजी दत्तक घेतला आणि त्याला श्वार्ट्झच्या हाती सोपविले. पुढची हकीकत लिहिताना आमची लेखणी अडखळते. दत्तक अशास्त्रीय आहे, असा निर्णय पंडितांनी दिला. गादी अमरसिंगाकडे गेली आणि बालक कोंडवाड्यासारख्या अवस्थेत राहिला. तो निर्णय दडपणाखाली झाल्याचे पुढे मानले गेले. धर्मशास्त्राची पोथी ज्यांच्या हाती, त्यांनीच ती झाकली! आम्हीही त्याच पोथ्या वाचून पोट भरतो, म्हणून हे शल्य अधिक बोचते. श्वार्ट्झने मात्र मुलाचा पाठपुरावा सोडला नाही. 1793 साली त्याला मद्रासला नेऊन सुरक्षित ठेवण्यात आले व गेरिके याच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण झाले. काशीच्या पंडितांचे मत पुन्हा मागविण्यात आले आणि त्यांनी दत्तक मान्य केला.

13 फेब्रुवारी 1798 रोजी श्वार्ट्झने देह ठेवला. जूनमध्ये सरफोजी गादीवर बसले. गुरूला ते पाहावयास मिळाले नाही. पुढल्याच वर्षी राज्यकारभार कंपनीकडे गेला, उरला मान आणि उरली विद्या. त्या विद्येचे त्यांनी सोने केले. सरस्वती महालातील संस्कृत पोथ्यांचा संग्रह त्यांनी वाढविला, काशीयात्रा केली आणि 1803 साली बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरविला.

आणि त्याच किल्ल्यातील चर्चसाठी लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून संगमरवरी शिल्प घडवून घेतले. ते आम्ही पाहिले आहे. अंथरुणावर वृद्ध श्वार्ट्झ, उशाशी गेरिके, पायथ्याशी शाळेतली मुले. आणि शेजारी मराठी पागोट्यातील सरफोजी, गुरूचा हात हाती धरून. पुढे ल्यूथरपंथी व्यवस्था जाऊन ते चर्च अँग्लिकनांकडे आणि 1947 नंतर दक्षिण भारत चर्चकडे आले; शिल्प जेथल्या तेथे राहिले.

आम्ही सकाळी बृहदीश्वरास बेल वाहिला होता. त्यातले एक पान झोळीत राहिले होते. चर्चमधील वृद्ध सेवकास विचारले, येथे फूल ठेवले तर चालेल काय? तो तमिळमध्ये काही बोलला. शब्द कळले नाहीत. पण त्याने कोपऱ्यातला स्टूल ओढून शिल्पासमोर ठेवला.