नव्वद अंश कमी

जुन्या जीन्सचा कापलेला पाय टेबलावर उभा करून बघा, तो लगेच आडवा होतो. पडद्याचा उरलेला तुकडा, मांजरपाट, अगदी जाड कॅनव्हास घेतलं तरी तेच. उभं राहणं कापडाच्या स्वभावातच नाही. आणि तरी त्याच कापडाची शिवलेली टोपली फडताळात चार भिंती सावरून उभी राहते, लोकरीचे गुंडे नाहीतर पोरांची खेळणी पोटात घेते आणि रिकामी झाली की घडी होऊन खणात जाते. हे जमतं कसं?

कृती वर्णन करायला फार सोपी आहे. सारख्या मापाचे दोन तुकडे सुलट बाजू आत ठेवून एकमेकांवर टाकायचे आणि दोन्ही बाजूंना व खाली टीप मारायची. झाली पिशवी. पण पिशवीला तळ नसतो, नुसती खालची कड असते. आता खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून, दोन्ही थरांसकट, एकेक चौकोन कापून टाकायचा. पडलेलं भोक चिमटीत धरून आडवं ओढायचं, बाजूची शिलाई तळाच्या शिलाईवर आणायची आणि तिथे सरळ टीप. पिशवी उलटवली की खाली सपाट, काटकोनी तळ!

मला यातली खरी गंमत ही वाटते की कापड कमी केल्यावर जागा वाढली. समजा, शिलाईची माया सोडून प्रत्येक तुकडा 40 सेंटीमीटर रुंद आणि 35 सेंटीमीटर उंच आहे. कोपरे कापलेच नाहीत तर दोन चपटे थर. 5 सेंटीमीटरचे चौकोन कापले तर तळ 30 बाय 10, उंची 30, म्हणजे 9 लिटरची टोपली. 10 सेंटीमीटरचे कापले तर तळ 20 बाय 20, उंची 25. बरोबर 10 लिटर. मग आणखी कापूया? 15 सेंटीमीटरला टोपली 6 लिटरवर घसरते. सर्वांत मोठं पोट 8 सेंटीमीटरच्या जरा पुढे मिळतं, जवळजवळ 10.4 लिटर. कॉलेजात कलनशास्त्राच्या तासाला पत्र्याच्या डब्याचं असंच गणित घालतात. ते कात्री आणि टेपच्या साक्षीनं शिकवलं असतं तर वर्ग जागा राहिला असता.

पण कोपरा मुळात तयार होतो तो कशामुळे? सपाट कापडावर कुठेही खडूनं एक ठिपका काढा. त्याच्याभोवती 360 अंश कापड आहे. असं कापड गुंडाळता येतं, वाकवता येतं, पण त्यातून डब्याचा कोपरा निघत नाही. बळजबरी केली तर चुण्या पडतात. आता कापलेल्या चौकोनाच्या आतल्या टोकाकडे बघा. तिथे 270 अंशच कापड उरलंय. कापाच्या दोन कडा एकमेकींना शिवल्या की त्या टोकाशी तीन काटकोन भेटतात, दोन भिंतींचे आणि एक तळाचा. कोपरा म्हणजे नव्वद अंशांची ही उणीव, दुसरं काही नाही. दोन तुकड्यांवर मिळून असे चार काप, म्हणून एकूण उणीव 360 अंश.

गोल टोपलीला तर कोपरेच नसतात. तिथे हीच 360 अंशांची उणीव तळाच्या संपूर्ण कडेवर थोडी थोडी वाटली जाते. गोल तळ जोडताना भिंतीच्या पट्टीला जागोजागी बारीक कातरे द्यावे लागतात आणि नवशिक्यांच्या नाकी नऊ येतात. चौकोनी टोपलीनं सगळी अडचण चार ठिपक्यांत गोळा करून ठेवलेली असते, म्हणून ती आधी शिकावी.

हा हिशेब फ्रान्सच्या रने देकार्तनं सतराव्या शतकात मांडला होता. कोणताही फुगीर, बंद, सपाट बाजूंचा घनाकार घ्या. त्याच्या सगळ्या कोपऱ्यांवरची उणीव मिळवली की उत्तर 720 अंशच येतं. मूळ हस्तलिखित हरवलं. गणितज्ञ लायबनिट्सनं 1676 साली पॅरिसमध्ये त्याची नक्कल उतरून घेतली होती, म्हणून ते आपल्यापर्यंत पोहोचलं.

आपली टोपली वर उघडी, म्हणून तिच्याकडे निम्मेच अंश. उरलेले निम्मे येतात अस्तराबरोबर. अस्तराचीही तशीच पिशवी शिवायची, फक्त तिच्या तळाच्या शिलाईत हात जाईल एवढी फट ठेवायची. मग दोन्ही पिशव्या सुलटीला सुलट लावून काठाकाठानं जोडायच्या. तोंडाला तोंड शिवलेल्या दोन पिशव्या म्हणजे आठ कोपऱ्यांचा बंद डबा. आठ गुणिले नव्वद, 720! आता त्या फटीतून आख्खी टोपली बाहेर ओढून काढायची. पाच मिनिटं नुसता बोळा दिसतो, मग एकेक कोपरा बोटानं ढकलला की सगळं सुलट होतं. फट शिवून अस्तर आत बसवायचं. ते सगळीकडून जरासं लहान शिवावं, नाहीतर आत चुण्या पडतात.

कोपऱ्यांनी आकार दिला, ताठपणा मात्र थरांतून येतो. वहीची सुटी पानं सहज वाकतात. तीच एकमेकांना चिकटवली तर पुठ्ठा होतो, कारण पानांना एकमेकांवरून घसरता येत नाही. दोन सुटे थर दुप्पट ताठ असतात. एकजीव केलेले दोन थर, गणितानुसार, आठपट. कापडात हे प्रमाण इतकं चोख उतरत नाही, पण इस्त्रीनं चिकटणारं पेस्टिंग, नाहीतर मध्ये बकरम घालून मारलेल्या जवळजवळ टिपा, हेच काम करतात. गोधडीतला दाट धावदोरा थरांना असाच घसरू देत नाही. पेस्टिंग बाहेरच्या कापडाला लावावं. भिंत कापताना कापडाचा उभा धागा उभाच ठेवावा. उरेब कापलेली भिंत ताणली जाते आणि भार पडला की पोट काढते.

तरीही टोपली वाकत असेल तर काठ बाहेरच्या बाजूला दुमडावा. तिथे कापडाचे आणि अस्तराचे मिळून चार थर होतात आणि वरच्या बाजूला एक कडं तयार होतं. सामान थोडं असेल तर आणखी खाली दुमडा. उंची घटेल, टोपली जास्त ताठ उभी राहील.