लाल बाटल्याची देखभाल

सुरतेच्या रिंगरोडवरील कोणत्याही कापड-बाजारात शिरावे. जिन्याच्या वळणावर भिंतीला टांगलेले एक लाल नळकांडे दिसतेच. आमच्या इमारतीत सारे त्याला ‘बाटला’ म्हणतात. त्याच्या खाली साड्यांची पार्सले रचलेली असतात, कधी त्याच्याच मानेला चहावाल्याचे फडके वाळत असते. वर्षानुवर्षे नजरेसमोर असूनही कोणी त्याच्याकडे पाहत नाही. मीही पाहत नव्हतो.

गतवर्षी आमच्या इमारतीच्या व्यवस्थापक मंडळाने ह्या बाटल्यांची जबाबदारी माझ्यावर सोपविली. एका सकाळी पहारेकऱ्यास बरोबर घेऊन चारही मजले हिंडलो. एकूण बारा बाटले. दोघांच्या दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्याच्या खाली उतरलेला. एकाची पिन गंजून इतकी घट्ट बसलेली की दोघांनी ओढूनही निघेना. आणि तिसऱ्या मजल्यावर केवळ रिकामा आकडा! रंगाऱ्याने उतरविलेला बाटला कोठीघरात झाडूंच्या मागे उभा होता. विशेष म्हणजे बाराही बाटल्यांवर चालू वर्षाची तपासणी-चिठ्ठी चिकटविलेली होती. चिठ्ठी तेवढी नवी होती.

सुरतेत राहणाऱ्यास हे हसण्यावारी नेता येत नाही. २४ मे २०१९ रोजी सरथाणा भागातील ‘तक्षशिला आर्केड’ ह्या व्यापारी इमारतीस आग लागली. वरच्या मजल्यावर शिकवणीसाठी जमलेली मुले धुराने कोंडली गेली. कित्येकांनी खाली उड्या घेतल्या. बावीस विद्यार्थी गेले. एखादा बाटला त्या दिवशी पुरा पडला असता असे मी म्हणणार नाही. पण आग प्रथम लहानच असते, आणि बाटला त्या पहिल्या एक-दोन मिनिटांसाठीच असतो. पुढे तो निरुपयोगी. तेव्हा बाहेर पडावे आणि बंबाला वाट द्यावी.

हे शहर आगीला नवखे नाही. एप्रिल १८३७ मध्ये माछलीपीठात लागलेल्या आगीत नऊ हजारांहून अधिक घरे भस्मसात झाली होती. त्या काळी घरे लाकडाची होती. आज भिंती काँक्रीटच्या आहेत, पण गाळ्यांत पोटमाळ्यापर्यंत पॉलिएस्टरचे तागे भरलेले असतात.

आता बाटल्याच्या पोटात काय असते ते पाहू. आपल्याकडे बहुधा कोरडी भुकटी भरलेला बाटला असतो. भुकटी दाबलेल्या वायूच्या जोरावर बाहेर पडते आणि ज्वाळा मारते. वर्षभर एकाच जागी उभी राहून ती तळाशी बसते आणि पावसाळी दमट हवा आत शिरली तर तिचे ढेकूळ होते. मग काटा हिरव्यात असूनही नळीतून निघतो तो निव्वळ वायू! शिवाय एकदा किंचितसा फवारा मारून पाहिला की झडपेत भुकटीचे कण अडकतात, दाब हळूहळू निसटतो आणि काही दिवसांत बाटला रिकामा होतो. ‘जरासाच वापरला’ असा बाटला वापरलेलाच समजून पुन्हा भरून घ्यावा.

विजेच्या पॅनेलजवळ कर्बवायूचा बाटला ठेवतात. त्याला दाबमापक नसते. तो वजनावरूनच ओळखावा लागतो. पत्र्यावर कोरलेल्या वजनाशी ताडून पाहावे. आमच्याकडे तपासनीस येत असे, पण त्याच्याबरोबर वजनकाटा आलेला कोणी पाहिला नव्हता. नळकांड्याच्या पत्र्याचीही ठराविक वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली परीक्षा व्हावी लागते, कारण गंजलेले नळकांडे उघडणाऱ्याच्याच अंगावर फुटू शकते.

कापडाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भुकटीने वरची ज्वाळा विझते, पण घट्ट बांधलेल्या गठ्ठ्याच्या पोटात निखारा धुमसत राहतो. तेथे पाणीच हवे, मात्र वीज तोडल्यानंतर. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिंगरोडवरील शिवशक्ती टेक्स्टाइल मार्केटमध्ये आग लागली. दुसऱ्या दिवशी तेथेच पुन्हा भडका उडाला आणि शेकडो गाळे जळाले. उधना, लिंबायत, डिंडोली येथील आपल्या कितीतरी घरांची चूल ह्याच बाजारांच्या नोकरीवर पेटते. गाळा मालकाचा जळतो, पगार मात्र साऱ्यांचा थांबतो.

मंडळाच्या बैठकीत खर्चाचा प्रश्न निघालाच. ‘आजवर काही झाले नाही,’ असे एक ज्येष्ठ सभासद म्हणाले. मी गंजलेली पिन असलेला बाटला त्यांच्यापुढे ठेवला आणि ‘काढा’ म्हटले. त्यांनी प्रयत्न केला, मग मुनीमजींनी केला. ठराव मंजूर झाला.

जुन्यांपैकी जे बाटले पुन्हा भरायचेच होते, ते आम्ही गच्चीवर सर्वांकडून चालवून घेतले. पाठीमागे मोकळी वाट ठेवून उभे राहायचे, पिन काढायची, नळीचे तोंड ज्वाळेच्या शेंड्याकडे नव्हे तर बुडाशी रोखायचे, मूठ दाबून डावी-उजवीकडे फिरवायचे. आमच्या टंकलेखिका बाईंनी घाईत पिन न काढताच मूठ दाबली, आणि सारे हसले. दुसऱ्या खेपेस त्यांचाच फवारा सर्वांत नेमका पडला. बाटला काही सेकंदांतच संपतो, हे पाहून मात्र सारेच चकित झाले.

आता दर महिन्याच्या एक तारखेस आमचा शिरपूरकडचा पहारेकरी प्रत्येक बाटला उतरवतो, पिन आणि काटा पाहतो, भुकटीचा बाटला उलटासुलटा हलवतो आणि दोरीने बांधलेल्या पुठ्ठ्यावर मराठीत सही करतो. गेल्या महिन्यात त्याने चहावाल्याचे फडके काढून माझ्या टेबलावर आणून ठेवले.